आधी दोरी, मग कणा

तासगावजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या मॅडमचा प्रश्न असा आहे. दहावीला प्राण्यांचं वर्गीकरण शिकवताना त्यांनी सांगितलं, की पाठीचा कणा असलेले प्राणी समुद्रातल्या साध्या प्राण्यांपासून उत्क्रांत झाले. तेव्हा एका मुलीने विचारलं, "ज्याच्या अंगात एकही हाड नव्हतं त्याला मणके फुटले कुठून?" मॅडमनी ‘पृष्ठरज्जूचं, म्हणजे पाठीतल्या लवचीक आधारदांडीचं, रूपांतर कण्यात झालं’ असं उत्तर दिलं, पण ते त्यांचं त्यांनाच पटलं नाही. हर्डमानिया आणि अ‍ॅम्फिऑक्सस या समुद्रातल्या बिनकण्याच्या प्राण्यांना आपले पूर्वज म्हणायचं का, आणि आपल्या सातारा-सांगलीच्या डोंगरांत अशा प्राण्यांचे जीवाश्म मिळतील का, हेही त्यांनी विचारलं आहे.

मॅडम, त्या मुलीने नेमक्या जागी बोट ठेवलंय. घोळ ‘रूपांतर’ या शब्दाने होतो. तो ऐकला की वाटतं, मऊ दोरी होती, ती कडक होत गेली आणि तिचेच मणके झाले. तसं झालेलं नाही. पृष्ठरज्जू आणि मणके वेगवेगळ्या पेशींपासून बनतात. पृष्ठरज्जू मधोमध असते, मणक्यांच्या पेशी दोन्ही बाजूंनी येऊन तिला वेढतात, आणि मग ती आत आक्रसत जाते. रूपांतर म्हणण्यापेक्षा ‘कण्याने तिची जागा घेतली’ म्हणा. माशांत तर ती पूर्ण जातही नाही, बाजारातून मासा आणून मुलांना दाखवता येते.

शिकवण्याआधी एक काळजी घ्या. ‘पृष्ठरज्जू’ आणि ‘चेतारज्जू’ हे शब्द पुस्तकात लागोपाठ येतात आणि बरीच मुलं तिथेच घसरतात. फळ्यावर दोन रंगांचे खडू वापरा. वर पिवळी पोकळ नळी, ती चेतारज्जू, संदेश नेणारी. तिच्याखाली निळी भरीव दांडी, ती पृष्ठरज्जू, आधार देणारी. त्याखाली अन्ननलिका. हा वरून खाली जाणारा क्रम एकदा डोक्यात बसला की पुढचं सगळं सोपं जातं.

आता त्या निळ्या दांडीचं काम बघू. तुमच्या भागातल्या मुलांना द्राक्षबागेतला फवारणीचा पाइप माहीत आहे. पंप बंद असताना वेटोळं घालून पडलेला पाइप पंप सुरू झाला की ताठ होतो, कारण आत पाणी दाबाने भरलेलं असतं आणि बाहेरचं वेष्टन ताणत नाही. पृष्ठरज्जूचं तत्त्व हेच. आत रसाने टरारून फुगलेल्या पेशी आणि बाहेर चिवट तंतूंचं घट्ट आवरण. (अ‍ॅम्फिऑक्ससमध्ये आत फुगीर पेशींऐवजी स्नायूंच्या चकत्यांची चळत असते, पण काम तेच.) अशी दांडी वाकते, पण आखूड होत नाही.

सगळी गोम या ‘आखूड होत नाही’मध्ये आहे. मऊ अंगाच्या प्राण्याने लांबीचे स्नायू आवळले की त्याचं अंगच आखडतं. मधे न दबणारी दांडी असली की तेच आवळणं अंगाला बाजूला वाकवतं, आणि स्नायू सैल पडला की दांडी आपोआप सरळ होते. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे असं सपासप चाललं की शेपटी पाणी मागे ढकलते. वाळूत बसून पाणी गाळून खाणाऱ्या प्राण्याला धोका दिसताच झटकन पळता येणं हा मोठा फायदा होता, आणि त्यासाठी हाडाची गरज नव्हती. म्हणजे मणक्यांच्या कितीतरी आधी पोहण्याचं यंत्र तयार झालं होतं. त्या यंत्राचा दुसरा भाग तुमच्या विद्यार्थ्यांनी ताटात पाहिलेला आहे. शिजलेला मासा बोटाने सोडवला की त्याच्या मांसाचे पापुद्रे निघतात. तो प्रत्येक पापुद्रा म्हणजे एक स्नायूखंड. अ‍ॅम्फिऑक्ससमध्ये हे खंड आडव्या ‘व्ही’सारखे असतात, माशात ‘डब्ल्यू’सारखे.

आता मासा. सांगली-मिरजेच्या बाजारात राहू किंवा कटला सहज मिळतो. किलोभराच्या वरचा घ्या, लहान माशाचे मणके फार बारीक असतात आणि मागच्या बाकावरच्या मुलांना काही दिसत नाही. विक्रेता सवयीने आडवे तुकडे पाडतो आणि सुरी मणक्यातूनच जाते, म्हणून आधीच सांगा की शेपटीकडचा वीतभर भाग अखंड हवा. बर्फातला चालेल, पण गोठवून कडक झालेला नको, कारण वितळताना आतला बुळबुळीत भाग पाणचट होतो.

तुकड्याचं मांस सुरीने सोडवून कणा मोकळा करा. त्यातला अर्धा कच्चाच ठेवा. दोन मणक्यांच्या मधल्या सांध्यावर सुरीचं टोक टेकवून हलकेच दाबा आणि दोन्ही बाजू ओढा. मणके सुटतात आणि त्यांच्या मधल्या पोकळीत पारदर्शक, साबुदाण्याच्या खिरीतल्या दाण्यासारखा बुळबुळीत गोळा दिसतो. तीच पृष्ठरज्जू. टाचणीच्या डोक्याने उचलून काचपट्टीवर ठेवा, प्रत्येकाला बोट लावू द्या. उरलेला अर्धा कणा दहा-बारा मिनिटं उकळा. मणके आपोआप सुटे होतील, पण तो गोळा आता नसेल. कच्चा आणि उकळलेला असे दोन्ही भाग लागतात ते यामुळेच.

उकळलेला एक मणका हातात घ्या. त्याची दोन्ही तोंडं वाटीसारखी खोलगट असतात, जणू दोन वाट्या बुडाला बूड लावून जोडल्यात. वाटीच्या तळाशी, बरोबर मधोमध, बारीक भोक शोधा. पुष्कळ माशांत बारीक सुई त्यातून आरपार जाते. पृष्ठरज्जू त्याच भोकातून पुढच्या मणक्याकडे जात होती. म्हणजे मणक्यांनी तिला जागोजागी आवळलंय आणि दोन मणक्यांच्या मधे ती फुगलेली राहिलीय, मण्यांच्या माळेसारखी. मणक्याच्या वर एक हाडाची कमान दिसेल, तिच्यातून चेतारज्जू जात होती. शेपटीकडच्या मणक्याला खालीही तशीच कमान असते, ती रक्तवाहिन्यांसाठी. पोटाकडच्या मणक्यांना खालची कमान नसते, म्हणूनच शेपटीचा भाग आणायचा.

माणसात हीच गोष्ट ‘गादी’ या नावाने घरोघरी माहीत आहे. आपल्या मणक्यांच्या मधे २३ गाद्या असतात. प्रत्येक गादीच्या गाभ्यातला मऊ भाग गर्भात पृष्ठरज्जूपासून तयार होतो. मूळच्या पेशी वय वाढेल तशा जवळजवळ संपतात, पण गाभा तिथेच राहतो. मिरजेच्या दवाखान्यांतून आणलेली पाठीच्या एमआरआयची फिल्म कुणाच्या तरी घरी असेल, ती खिडकीशी धरून दाखवा. एका प्रकारच्या प्रतिमांत पाण्याने भरलेली निरोगी गादी पांढरी दिसते आणि सुकलेली काळी. गादी सरकते तेव्हा बाहेर डोकावतो तो हाच गाभा.

मग मणक्याच्या पेशी येतात कुठून? याचं सगळ्यात स्वच्छ उत्तर कोंबडीच्या अंड्यात मिळतं. हे शाळेत करायचं की नाही ते तुमच्या परिस्थितीवर आहे. काही पालकांना आवडत नाही, आणि अशा वेळी आग्रह धरू नये, चित्रफीत दाखवली तरी चालते. करायचं ठरलं तर दुकानातली पोल्ट्रीची अंडी चालणार नाहीत, ती फलित नसतात. कोंबडा असलेल्या कळपातली गावरान अंडी आणा, फ्रिजमध्ये ठेवलेली नकोत. उबवणीचं तापमान ३७.५ ते ३८ अंश सेल्सिअस, आत पाण्याची वाटी ठेवून दमटपणा राखायचा. अंडं आडवं ठेवा आणि वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण करा, गर्भ तरंगून तिथेच येतो. ४८ तासांनी बोथट टोकाला भोक पाडून सिरिंजने दोन-तीन मिलिलिटर पांढरं काढून घ्या. त्याने गर्भ कवचापासून खाली बसतो आणि कवच कापताना फाटत नाही. मग खुणेच्या जागी लहानशी खिडकी कापा.

मधोमध एक पुसट रेघ आणि तिच्या दोन्ही अंगांना विटांची रांग दिसेल. या विटांना सोमाइट म्हणतात. दर दीड तासाला साधारण एक जोडी वाढते. ३३ तासांना बारा-तेरा जोड्या, ४८ तासांना पंचवीसच्या आसपास आणि हृदयही धडधडताना दिसतं. तासांचा हिशेब जुळला नाही तर घाबरू नका. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे हमखास चुकतो, कारण साधारण २०-२१ अंशांच्या वर गर्भ हळूहळू वाढायला लागतो आणि उबवणीला ठेवण्याआधीच त्याची वाढ पुढे गेलेली असते. हा प्रयोग थंडीत करावा तो यासाठीच.

प्रत्येक विटेच्या आतल्या-खालच्या कोपऱ्यातल्या पेशी सुटतात, पृष्ठरज्जू आणि चेतारज्जूभोवती गोळा होतात आणि तिथे आधी कूर्चा (हाडापेक्षा मऊ, लवचीक भाग), मग हाड तयार होतं. उरलेल्या विटेपासून पाठीचे स्नायू आणि पाठीची आतली कातडी बनते. यातला एक बारकावा फार देखणा आहे. एका विटेचा मणका होत नाही. पुढच्या विटेचा मागचा अर्धा आणि मागच्या विटेचा पुढचा अर्धा मिळून एक मणका होतो, स्नायू मात्र जागच्या जागी राहतो. त्यामुळे प्रत्येक स्नायू दोन मणक्यांवर पूल टाकतो आणि आवळला की सांधा वाकतो. मणका आणि स्नायू एकास एक बसले असते तर कणा ताठ खांब झाला असता.

पण गर्भ म्हणजे उत्क्रांतीची रेकॉर्डिंग नव्हे, हेही वर्गात सांगा. माणसाच्या गर्भाला गळ्याशी ज्या घड्या असतात त्यांना ‘माशाचे कल्ले’ म्हणणं चूक आहे. त्या कधीही श्वास घेत नाहीत. त्यांच्यापासून जबड्याचे आणि कानाचे भाग, गळ्यातल्या काही ग्रंथी होतात.

आता पूर्वजांकडे. पुस्तकात आधी बॅलॅनोग्लॉसस (समुद्रातला किड्यासारखा प्राणी), मग हर्डमानिया, मग अ‍ॅम्फिऑक्सस, मग मासे असा क्रम छापलेला असतो आणि तो जिन्यासारखा दिसतो. ते सगळे आजचे प्राणी आहेत, आपल्याइतकाच काळ उत्क्रांत होत आलेले. पूर्वज नव्हेत, चुलत भावंडं. प्रश्न एवढाच की जवळचं चुलत कोण.

हर्डमानिया आणि त्याची जमात खडकाला, बंदरातल्या खांबांना, बोटींच्या तळाला चिकटून बसते. दोन नळ्यांची चामडी पिशवी, एका नळीने पाणी आत, दुसरीने बाहेर. जुने अभ्यासक या जमातीला मृदुकाय प्राण्यांत टाकत. १८६६ साली अलेक्झांडर कोवालेव्स्की या रशियन शास्त्रज्ञाने या जमातीच्या अळीची वाढ तपासली आणि बेडकाच्या पिल्लासारख्या त्या इवल्याशा अळीच्या शेपटीत चक्क पृष्ठरज्जू आणि तिच्यावर पोकळ चेतारज्जू सापडली. सायोना नावाच्या प्रजातीत ती पृष्ठरज्जू बरोबर ४० पेशींची असते. अळी थोडा वेळ पोहते, डोक्याकडून खडकाला चिकटते, शेपटी शोषून घेते आणि पिशवी होते. म्हणून तर या गटाला पुच्छात पृष्ठरज्जू असलेले प्राणी म्हणतात.

दिसायला अ‍ॅम्फिऑक्सस कितीतरी जास्त माशासारखा, त्यामुळे तोच आपल्याला जवळचा असं फार काळ मानलं गेलं. २००६ साली जनुकांची मोठी तुलना झाली आणि निकाल उलटा लागला. पिशवीवाली जमात आपल्याला जास्त जवळची, अ‍ॅम्फिऑक्सस थोडा लांबचा. पिशवीवाल्यांनी बसून खाण्याच्या आयुष्यात बरंच काही गमावलंय, त्यांची जनुकांची शिदोरीही आक्रसलेली आहे. अ‍ॅम्फिऑक्ससने जुनी घडण जास्त जपलीय. म्हणून पूर्वज कसा असेल ते समजायला अ‍ॅम्फिऑक्सस बघायचा, पण नातं मोजताना हर्डमानिया पुढे ठेवायचा. वर्गात हा फरक सांगितला की जिना आपोआप मोडतो.

अ‍ॅम्फिऑक्ससच्या घशाच्या तळाला चिकट स्राव करणारी एक खाच असते. ती अन्नकण पकडते आणि आयोडीनही धरून ठेवते. लॅम्प्रे या जबडा नसलेल्या माशाच्या अळीत तीच खाच असते आणि अळी मोठी होताना तिची थायरॉइड ग्रंथी होते. आयोडीनयुक्त मीठ आणि गलगंड मुलांना पुस्तकातून माहीत असतो, त्याला हा धागा जोडून द्या.

हाच लॅम्प्रे मणक्यांचा पहिला टप्पाही दाखवतो. त्याची पृष्ठरज्जू आयुष्यभर जाड आणि अखंड राहते. तिच्यावर, चेतारज्जूच्या दोन्ही बाजूंना, कूर्चेचे छोटे तुकडे बसवलेले असतात. बस, एवढाच त्याचा ‘कणा’. म्हणजे चेतारज्जूवरच्या कमानी आधी आल्या, खालचं भरीव मणक्याचं बूड बरंच नंतर. तुमच्या विद्यार्थिनीला हे उत्तर नक्की पटेल, कारण यात एका रात्रीत काही फुटावं लागत नाही.

आणि हाड? ते कण्यात सुरू झालंच नाही. सर्वांत जुने हाडवाले मासे ४५ कोटी वर्षांहून आधीचे, त्यांच्या अंगावर बाहेरून हाडाचं चिलखत होतं आणि आतला सांगाडा कूर्चेचा. बाजारात रत्नागिरीकडची मुशी (लहान शार्क) आली तर तिच्या कातडीवरून डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवा, गुळगुळीत लागते. उलट फिरवा, कानशीसारखी खरखरते. ती खरखर म्हणजे हजारो बारीक दात. आत मऊ गर, त्यावर दंतिन, वर कडक मुलामा, आपल्या दाढेची घडण हीच. एक चूक मात्र टाळा. मुशीचा सांगाडा कूर्चेचा म्हणून ती ‘मागासलेली’ असं सांगू नका. तिच्या पूर्वजांना हाड होतं, तिच्या घराण्याने नंतर सोडून दिलं.

झुरळाला, कोळंबीला चेतारज्जू खाली का, असंही कुणी विचारेल. कोळंबी साफ करताना पाठीतून जो काळा दोरा काढतात ते तिचं आतडं, तिची चेतारज्जू पोटाकडे असते. माशात बरोबर उलटं. १८२२ साली फ्रान्सचे प्राणिशास्त्रज्ञ जॉफ्रॉय सेंट-हिलेअर यांनी म्हटलं होतं, की हे प्राणी म्हणजे उताणे केलेले आपणच. तेव्हा कुणी फारसं मनावर घेतलं नाही. १९९० च्या दशकात बेडूक आणि फळमाशीत पाठ-पोट ठरवणारी एकाच कुळातली जनुकं सापडली, फक्त उलट्या बाजूंना काम करणारी.

डोक्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तो वेगळ्या तासाचा विषय आहे. चेतारज्जूच्या कडेवरून सुटून अंगभर भटकणाऱ्या पेशींचा एक गट पृष्ठवंशीयांत आला, त्यातून चेहऱ्याची हाडं, दातांचा दंतिन, कातडीच्या रंगाच्या पेशी झाल्या. त्याच सुमारास जनुकांच्या पूर्ण संचाच्या प्रती वाढल्या. शरीराचा पुढचा-मागचा क्रम ठरवणाऱ्या हॉक्स जनुकांची अ‍ॅम्फिऑक्ससकडे एक रांग आहे, आपल्याकडे चार. जास्तीच्या प्रतींना नवी कामं मिळाली.

पुरावा खडकात कुठे? चीनच्या युनान प्रांतात चेंगजियांग इथल्या सुमारे ५१ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीच्या खडकात हाइकोइख्थिस सापडला, जेमतेम इंचभर लांब, डोकं आणि स्नायूखंड स्पष्ट दिसणारा. कॅनडाच्या बर्जेस शेलमधला पिकाया त्याच्या सुमारे एक कोटी वर्षं नंतरचा, १९११ मध्ये अमेरिकन जीवाश्मतज्ज्ञ वॉलकॉट यांनी त्याला आधी किडा समजून नोंदवलं होतं. मऊ अंगाचे जीवाश्म वाचताना एक फसगत होते. २०१० साली अ‍ॅम्फिऑक्सस आणि त्याच्याबरोबर लॅम्प्रेच्या अळ्या मुद्दाम कुजवून पाहिल्या, तेव्हा लक्षात आलं की उत्क्रांतीत उशिरा आलेले भाग आधी कुजतात आणि पृष्ठरज्जू, स्नायूखंड शेवटपर्यंत टिकतात. म्हणजे कुजलेला मासा दगडात अ‍ॅम्फिऑक्ससपेक्षा पुढारलेला वाटेलच असं नाही.

अजिंक्यताऱ्यावर किंवा दंडोबाच्या डोंगरात यातलं काही मिळणार नाही. आपला काळा पाषाण म्हणजे साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा लाव्हा. तो वाहत होता तेव्हा माशांना येऊन ४५ कोटी वर्षं होत आली होती, आणि लाव्ह्याच्या थरांत समुद्रातला मासा कुठून येणार?

त्यामुळे शाळेचा संग्रह बाजारातल्या माशांपासूनच करा. उकळलेले मणके जुन्या टूथब्रशने घासा, कोमट पाण्यात कपड्यांची पावडर टाकून रात्रभर ठेवा, दुसऱ्या दिवशी ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये दोन-तीन तास भिजवा आणि सावलीत वाळवा. ब्लीच वापरू नका, हाड भुसभुशीत होतं. वाळल्यावर मणके जाड दोऱ्यात ओवा, डोक्याकडून शेपटीकडे, जसे होते त्याच क्रमाने. दोरा मधल्या भोकातून जात नसेल तर वरच्या कमानीतून ओवा, आणि तो चेतारज्जूच्या जागेतून जातोय हे चिठ्ठीवर लिहून ठेवा.